रॉकबॉक्स: बेस वाढवल्यावर आवाज फाटतो त्याबद्दल

रॉकबॉक्स या म्युझिक प्लेअरवर चालणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये इक्वलायझरची (जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करायच्या सोयीची) बेसची पट्टी ६ डेसिबल वर नेली की डग्ग्याच्या घुमाऱ्यावर आवाज फाटतो, हा दोष सहसा हेडफोनचा नसतो. हल्लीची गाणी मुळातच आवाजाच्या कमाल पातळीपर्यंत काठोकाठ भरलेली असतात. वर ६ डेसिबल चढवले की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात. हे बहुतेकदा व्हॉल्यूमच्या आधीच घडतं, म्हणून आवाज कमी करूनही फरक पडत नाही.

उपाय: साउंड सेटिंग्ज, मग इक्वलायझर, त्यात ‘प्रीकट’, म्हणजे वाढ करण्याआधी सगळाच आवाज खाली आणणारी सेटिंग. सर्वांत मोठी वाढ जितकी, तितकाच प्रीकट: इथे ६. उतरलेला आवाज व्हॉल्यूमने भरून काढा. इक्वलायझरबाहेर, साउंड सेटिंग्जमध्ये असलेला वेगळा ‘बेस’ मात्र शून्यावर हवा, नाहीतर दोन्ही वाढी एकमेकींवर चढतात.

खरं तर बेस वाढवण्याआधी इक्वलायझरमध्येच २५० हर्ट्झच्या आसपास २-३ डेसिबल उतरवून बघाच. गढूळपणा जातो, बेस आपोआप मोकळा वाटतो.