मदत हवी आहे: १४ इंची पोर्टेबल टीव्ही, गरम झाला की पडद्यावर एकच रेघ

नमस्कार मंडळी,

जुने पोर्टेबल टीव्ही उघडून चालू करायचा नाद आहे. धंदा नाही, शिक्षणही त्यातलं नाही. घरच्यांचं यावरचं मत इथे लिहीत नाही.

सध्या टेबलावर १४ इंची कृष्णधवल संच आहे. २३० व्होल्ट आणि १२ व्होल्ट, दोन्हींवर चालणारा. रविवारी जुन्या बाजारात मिळाला. कंपनीची पट्टी गायब, आणि मागच्या झाकणाला आतून चिकटवलेलं सर्किट वाळवीने खाल्लेलं. व्हर्टिकलला (चित्र वर-खाली पसरवणाऱ्या भागाला) यूपीसी १०३१ हा आयसी आहे, हॉरिझाँटल (आडवं पसरवणाऱ्या) आउटपुटला बीयू ४०६ ट्रान्झिस्टर. पिक्चर ट्यूब मात्र झकास, अजून ठणठणीत उजेड देते. म्हणूनच जीव अडकलाय.

आधीच सांगतो, ‘आत एलसीडी पॅनेल बसवा’ हा सल्ला कृपया नको. मला हाच संच, याच ट्यूबवर चालू हवाय.

तक्रार अशी. थंड संच लावला की चित्र पूर्ण येतं, वर-खाली कुठेही कापलेलं नाही. पाव-एक तासाने चित्र दोन-तीनदा थरथरतं आणि एकदम मिटून मधोमध आडवी पांढरी रेघ उरते. आवाज तसाच चालू. कधी बॉडीवर टपली मारली की चित्र परत उघडतं, कधी ढिम्म. बंद करून थंड होऊ दिला की पुन्हा पहिल्यासारखा.

व्हर्टिकलचा आयसी बदलला, योकच्या (ट्यूबच्या मानेवरची, इलेक्ट्रॉनचा झोत वळवणारी कॉइल) सिरीजमधला हजार मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बदलला, त्या भागातली सगळी सोल्डरिंग भिंगाखाली बघून परत मारली. रेग्युलेटरचा व्होल्टेज चित्र असताना आणि रेघ असताना सारखाच आहे. हाईटचा (चित्राच्या उंचीचा) प्रीसेट स्वच्छ केला. फरक शून्य.

आता संशय योकवर. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात विचारलं, तर दोन दुकानांत हसले आणि एकाने ‘भंगारातला दुसरा टीव्ही आणा, त्यातला काढा’ म्हणून सांगितलं. तर प्रश्न:

योक खराब आहे हे ऑसिलोस्कोपशिवाय (सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं उपकरण) खात्रीने कसं ओळखायचं? माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे, बस.

आणि दुसरं, चित्र देण्याचं. सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून दूरदर्शन थेट अँटेनावर यायचं ते दिवस गेले, अ‍ॅनालॉग प्रक्षेपणच बंद. मी फ्री डिशच्या बॉक्सचं एव्ही आउटपुट एका जुन्या परदेशी मॉड्युलेटरमधून (एव्हीचा टीव्ही चॅनल बनवणारी डबी) अँटेनाच्या सॉकेटला देतोय. चित्र छान येतं, आवाजाच्या जागी नुसती खरखर. असं का?

प्रतिसाद

बॉडी छान आहे म्हणता, तर एलसीडी बसवून मोकळे व्हा की. (पळतो.)

प्रतिसाद

वरच्यांना पळू द्या. तुम्ही योक शोधायला बाहेर पडण्याआधी थोडं घरीच थांबा.

तुमच्या वर्णनातच अर्धं उत्तर आहे. कंडेन्सर वाळला असता तर चित्र सावकाश आक्रसलं असतं, खालच्या बाजूला घडी पडली असती. तुमचं एकदम मिटतंय आणि टपलीने उघडतंय. हे कुठेतरी कनेक्शन सुटण्याचं लक्षण. वाइंडिंग आतून जळलेलं असेल तर ते टपलीला दाद देत नाही.

आता स्कोपशिवायची युक्ती. एक छोटा ८ ओहमचा स्पीकर घ्या, त्याच्या सिरीजमध्ये १०० ओहमचा रजिस्टन्स आणि दहा-वीस मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. एक टोक चासीला (संचाच्या अर्थला), दुसरं व्हर्टिकल आयसीच्या आउटपुटला. चित्र चालू असताना ५० हर्ट्झची घरघर ऐकू येईल, हाईट फिरवलीत की कमी-जास्त होईल. आता रेघ पडेपर्यंत वाट बघा. रेघ पडली आणि घरघर बंद झाली, तर दोष आयसीच्या बाजूला. रेघ पडली तरी घरघर चालूच राहिली, तर आयसी आपलं काम करतोय आणि करंट योकमधून जात नाहीये. आमच्या कामाच्या दिवसांत स्कोप ही चैन होती, स्पीकर प्रत्येकाच्या खणात असायचा.

दुसऱ्या प्रकारातलं निघालं तर संच बंद करा, प्लग काढा आणि गरम आहे तोवर लगेच योकच्या वायरी मीटरवर मोजा. चारपैकी ज्या जोडीचे ओहम जास्त ती व्हर्टिकल. हॉरिझाँटलची जोडी जवळपास शॉर्टच दाखवते, घाबरू नका. व्हर्टिकल जोडी ओपन दाखवत असेल तर चोर सापडला.

एक बारकावा. व्हर्टिकलच्या दोन कॉइल पॅरललमध्ये असतील आणि त्यातली एक सुटली, तर रेघ पडत नाही, चित्र एका बाजूला निमुळतं होतं. तुमची पूर्ण रेघ पडतेय. म्हणजे एक तर कॉइल सिरीजमध्ये आहेत, नाही तर दोन्हींचा सामाईक सांधा सुटतोय. योकच्या मागे प्लास्टिकच्या कडेला छोटी टर्मिनल पट्टी असते, तांब्याची एनॅमल वायर तिथे गुंडाळून सोल्डर केलेली. आधी तिथे बघा. एनॅमल नीट खरवडलेलं नसेल तर वर सोल्डर चकचकीत दिसतं आणि आत पकड काहीच नसते.

दोन गोष्टी अगदी बजावून सांगतो. संच चालू असताना योकचा प्लग उपटून बघू नका. हॉरिझाँटल सुटलं की बीयू ४०६ जाऊ शकतो, आणि एकाच ठिपक्यावर सगळा बीम पडून ट्यूबचा फॉस्फर (पडद्याचा उजेड देणारा लेप) जळतो. रेघ पडल्यावरही ब्राइटनेस लगेच उतरवा, त्याच कारणाने. आणि योकला हात लावण्याआधी ट्यूबच्या टोपीखालचा ई.एच.टी. (ट्यूबचा अति उच्च व्होल्टेज) उतरवा. स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून ती ट्यूबच्या पाठीवरच्या अर्थच्या जाळीला जोडा, पीसीबीच्या कुठल्याही पॉइंटला नको. १४ इंचीत दहा हजार व्होल्टच्या आसपास असतो. योक फिरवताना ट्यूबच्या मानेवर जोर नको, ती तुटली तर सगळंच संपलं.

प्रतिसाद

आवाजाचं मी सांगतो. मॉड्युलेटर अमेरिकन पद्धतीचा असणार. त्यात चित्र आणि आवाज यांच्या वाहक लहरींत ४.५ मेगाहर्ट्झचं अंतर असतं. आपल्याकडच्या पॅल-बी पद्धतीत ते ५.५ आहे, आणि संचातली साउंडची कॉइल ५.५ वरच बसवलेली असते. चित्र ट्यूनरच्या फाइन ट्यूनिंगने ओढून आणता येतं, त्यांचा ३ नंबरचा चॅनल ६१.२५ वर आहे आणि आपला ४ नंबरचा ६२.२५ वर. आवाजाचं अंतर मात्र तसं ओढता येत नाही.

संचातली साउंडची कॉइल फिरवत बसू नका. बी/जी (म्हणजे ५.५ च्या पद्धतीचा) असा स्विच असलेला मॉड्युलेटर शोधा. तो मिळेपर्यंत बॉक्सचा आवाज थेट व्हॉल्यूम कंट्रोलच्या गरम टोकाला एका कंडेन्सरमधून देता येईल. पण त्याआधी प्लग भिंतीतून काढून, संचाचा स्विच चालू ठेवून, प्लगच्या पिनांपासून चासीपर्यंत मीटर लावून, चासी मेनला जोडलेली नाही ना ते बघा. १२ व्होल्टवर चालणाऱ्या संचात बहुधा मेनचा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे चासी सुटी असते. जुन्या २० इंची संचांत चासी थेट मेनला जोडलेली सापडते, तिथे हा उद्योग केला तर बॉक्सही जाईल आणि तुम्हीही.

अँटेनाला ३०० ओहमची चपटी वायर असेल तर मध्ये बलून (वायर आणि सॉकेट जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) घाला, भुतं (चित्रामागच्या दुहेरी सावल्या) कमी होतील.

धागाकर्ता

काका (काकाच असाल असं धरतो), स्पीकरची युक्ती लागू पडली. रेघ पडली तरी घरघर चालूच होती. प्लग काढून मोजलं तर व्हर्टिकल जोडी ओपन, आणि टर्मिनल पट्टीवर पेन्सिलने दाबलं की मीटर परत आकडा दाखवायचा. पट्टीवरची एक वायर हिरवी पडली होती. खरवडून, फ्लक्स लावून परत सोल्डर केली. काल संध्याकाळी बातम्यांपासून लावलेला संच झोपेपर्यंत मिटला नाही.

एकच राहिलं. योक काढून बसवताना चित्र जरा तिरपं झालंय आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात काळी सावली आहे. मानेवरच्या दोन गोल चकत्या फिरवायच्या, की आधी योक?

प्रतिसाद

आधी योक. क्लँप सैल करून पुढे, ट्यूबच्या फुगवट्याला टेकेपर्यंत सरकवा, कोपऱ्यातली सावली त्यानेच जाते. मग फिरवून चित्र सरळ करा आणि क्लँप आवळा. चकत्या फक्त चित्र मध्यावर आणायला, अगदी शेवटी. हे सगळं संच चालू ठेवूनच करावं लागतं, म्हणून एक हात खिशात, दुसऱ्याने योक फक्त प्लास्टिकच्या कडेला धरायचा आणि समोर आरसा ठेवायचा.