टक्टोयाक्टुकच्या आधीचं गाव

कॅनडाच्या उत्तरेकडच्या, आर्क्टिकमधल्या ब्यूफोर्ट समुद्रातल्या तेलशोधाचा तळ म्हणून तिथल्या किनाऱ्यावरच्या टक्टोयाक्टुक गावाचं नाव घेतलं जातं. बरोबरच आहे, पण तिथवर सामान पोचायचं कसं? त्यासाठी ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या दक्षिण काठावरचं ‘हे रिव्हर’ (Hay River) नावाचं गाव बघायला हवं. १९६४ मध्ये अल्बर्टातून रेल्वे तिथे आली ती खरं तर पाइन पॉइंटच्या शिसं-जस्ताच्या खाणीमुळे. तेलवाल्यांना ती आयतीच मिळाली! पाइप, सिमेंट, इंधन वाघिणींतून उतरवायचं, बार्जवर (सपाट तळाच्या मालवाहू नावेवर) चढवायचं आणि सरोवर ओलांडून मॅकेंझी नदीने सुमारे १,७०० किलोमीटर उत्तरेला न्यायचं. नदी मोकळी असते साधारण जून ते ऑक्टोबर. शेवटचा बार्ज हुकला की विमानाचा खर्च सोसा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहा. म्हणून विहीर कुठे खणायची याइतकंच माल कधी लादायचा हेही महत्त्वाचं होतं.

१९७९ मध्ये युकॉनमधून येणारा डेम्प्स्टर महामार्ग खुला झाल्यावर मॅकेंझीच्या मुखाकडच्या इनुविक गावाला दुसरी वाट मिळाली. तरी अवजड मालासाठी नदीच सोयीची होती. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि ब्यूफोर्टमधलं काम आटत गेलं. ‘हे रिव्हर’ मात्र तेवढ्याने बसलं नाही, कारण नदीकाठच्या वस्त्यांना डिझेल आणि किराणा लागतोच.