मदत हवी आहे: खाणी बंद झाल्यावर रूर खोरं कशावर जगतंय?

नमस्कार मंडळी. जर्मनीतल्या रूर खोऱ्यावर अभ्यासगटात बोलायचंय आणि एका ठिकाणी गाडी अडलीये.

इतिहास हाताशी आहे. 1950 च्या दशकाच्या शेवटी स्वस्त तेल आणि आयात कोळशापुढे तिथला कोळसा महाग पडू लागला. खाणी एकेक करत मिटल्या, शेवटची 2018 च्या डिसेंबरात, बोट्रोपमध्ये. डॉर्टमुंडचा एक पोलाद कारखाना तर सुटा करून चीनला नेला आणि त्या जागी आज तळं आहे, काठाला महागडी घरं. माझ्या डोक्यातून मात्र पंप जात नाहीत. खोदकामामुळे जमीन खचलीये, त्यामुळे पाणी उपसणं कधीच थांबवता येणार नाही. त्या कायमच्या खर्चासाठी वेगळा निधीच उभारलाय.

आता अडचण. बोखुमचं विद्यापीठ 1965 पासून चालू आहे, ड्युसबुर्गला मोठं नदीबंदर आहे, पोलादही अजून बनतं. तरीही गेल्सेनकिर्शेनमधली बेरोजगारी देशात सर्वाधिक असलेल्यांपैकी. नवे रोजगार आले, पण भट्टीवरच्या माणसाला ते मिळाले का? की त्याला लवकर निवृत्ती देऊन विषय संपवला? मला लवकर निवृत्तीचीच शक्यता जास्त वाटते.

शहरनिहाय रोजगाराची आणि वयोगटांची आकडेवारी कुठे, कशी शोधायची? जर्मन वाचणारं कुणी आहे का? तिथे कोळशाऐवजी हायड्रोजनवर पोलाद बनवण्याच्या योजनेत किती दम आहे, हेही पोलाद उद्योगातल्या कुणीतरी सांगा. कच्ची टिपणं पाठवलीत तरी चालतील.