मुलांकडे मोबाइल नसला तरी जमतं

‘पोरांकडे मोबाइल नाहीत, म्हणजे डिजिटल वर्ग हा श्रीमंत शाळांचाच खेळ’ असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. प्लिकर्स (Plickers) या वर्गात प्रश्न विचारून उत्तरं गोळा करण्याच्या अ‍ॅपमध्ये मोबाइल लागतो तो फक्त शिक्षकाचा. प्रत्येक मुलाच्या हातात एक छापील कार्ड, त्यावर काळी चौकोनी आकृती. कोणती बाजू वर धरली त्यावरून उत्तर ए, बी, सी की डी ते ठरतं. वर्गावरून कॅमेरा फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते नावानिशी नोंदलं जातं. दर कार्डाची आकृती वेगळी आणि तिच्या कडेची ए, बी, सी, डी ही अक्षरं बारीक, त्यामुळे शेजारच्याचं बघून आपलं कार्ड फिरवण्यात काही हशील नाही.

नागपुरात महाल भागातल्या आमच्या शाळेत मी हे अपूर्णांकांसाठी वापरतो. एरवी प्रश्न विचारला की तेच चार-पाच हात वर येतात, कार्ड मात्र मागच्या बाकावरूनही वर होतं. पडद्यावर नावं न दाखवता नुसता आलेख दाखवतो. १/३ पेक्षा १/४ मोठा म्हणणारे किती, हे सगळ्यांना दिसतं. कोण, ते फक्त मला. गुणांचा तक्ता नावांसकट भिंतीवर लावा असं काही जण सुचवतात, ते म्हणूनच नको वाटतं. वरची पोरं खूश होतात, खालची तिकडे बघणंच सोडून देतात. आणि हो, कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका. आपल्याकडचं ऊन खिडकीतून त्यावर पडलं की कॅमेऱ्याला काहीच वाचता येत नाही. जाड कागदावर साधी झेरॉक्स पुरते, फक्त आकृतीवर बोटं येऊ द्यायची नाहीत.