मेमध्ये बर्फ असताना एमराल्ड लेकचा ट्रेल, आई-बाबांना घेऊन जमेल का?

मैत्रेयी_क

नमस्कार मंडळी, थोडा सल्ला हवाय. आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आलेत आणि मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सगळे कोलोरॅडोला जातोय, त्यातले दोन दिवस रॉकी माउंटन नॅशनल पार्कसाठी ठेवलेत. आईने आजवर बर्फ फक्त लांबून बघितलाय, तिला त्यात चालायचंय, एवढी एकच मागणी आहे तिची. बेअर लेकपासून निघणारा एमराल्ड लेकचा ट्रेल सगळेच सुचवतात, वाटेत निम्फ आणि ड्रीम अशी आणखी दोन तळी लागतात आणि जाऊन-येऊन साडेतीन मैलांच्या आसपासच आहे म्हणून आम्ही तोच धरून बसलो होतो, पण काल मेमधले फोटो बघितले तर वाट कुठे दिसेचना, नुसता पांढरा उतार आणि त्यावर पावलं.

बाबा ६७, रोज तासभर चालतात, बीपीची गोळी चालू आहे. आई ६३, उतरताना उजवा गुडघा दुखतो. लेक ९ वर्षांची. मी आणि नवरा सह्याद्रीत भरपूर फिरलोय पण बर्फात एक पाऊल टाकलेलं नाही. तर जावं का, किती वाजता निघावं, बुटांचं काय करायचं आणि आई-बाबांना कुठपर्यंत न्यावं, प्लीज सविस्तर सांगा.

वाटसरू

जा, नक्की जा. फक्त तो साडेतीन मैलांचा आकडा डोक्यातून काढा. वसंतातल्या बर्फात वाट किती लांब आहे यापेक्षा तुम्ही किती वाजता तिच्यावर आहात हे जास्त महत्त्वाचं. मी जवळच राहतो आणि ही वाट बाराही महिने केलीय म्हणून एवढं ठामपणे सांगतोय.

बेअर लेकचं पार्किंगच साधारण ९,४५० फुटांवर आहे आणि एमराल्ड लेक १०,११० फुटांवर. कॅलेंडरवर मे असला तरी तिथे झाडीतल्या सावलीचा बर्फ जून उजाडेपर्यंत हलत नाही, वर मेमध्ये नवीन बर्फही पडतो. रात्री हा बर्फ गोठतो आणि दुपारी ऊन लागून सुटा होतो, सगळा खेळ एवढाच आहे. सकाळी वरचा थर कडक असतो, बुटांना स्पाइक्स लावल्या की त्यावर चालणं खूप सोपं. अकराच्या पुढे तोच थर ओल्या साखरेसारखा होतो आणि मग पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत आत जातो. हिवाळाभर लोकांनी तुडवून तुडवून वाटेच्या मधोमध बर्फाचा एक टणक वरंबा तयार झालेला असतो, शेतातल्या बांधासारखा अरुंद. त्याच्यावर आहात तोवर काही नाही, पण समोरून येणाऱ्याला जागा द्यायला म्हणून एक पाऊल बाजूला टाकलं की रुतलात. आणि झाडाच्या बुंध्याशी किंवा मोठ्या दगडाच्या कडेला वरून भरलेलं दिसलं तरी खाली पोकळी असू शकते, तिथे पाय द्यायचाच नाही. आईंच्या गुडघ्याला चढ-उतारापेक्षा हा अचानक रुतणारा पाय जास्त त्रास देईल.

म्हणून सकाळी सात-साडेसातला ट्रेलहेडवर, म्हणजे वाट जिथून सुरू होते तिथे असा आणि अकराच्या आत गाडीपाशी परत या. पार्किंगही तेव्हाच मिळतं. अलीकडच्या वर्षांत मेअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बेअर लेक रोडवर जायला वेळेचं रिझर्वेशन लागत आलंय, शटलसुद्धा साधारण तेव्हाच सुरू होते. तुम्ही त्याच्या आधी जाताय तरी पार्कच्या साइटवर एकदा बघाच, नियम बदलत असतात. आणि शक्यतो वीकेंड टाळा.

शुभदा_र

सासूबाईंना एप्रिलच्या शेवटी नेलं होतं, त्या तेव्हा ६५ च्या, म्हणून आवर्जून लिहितेय.

मायक्रोस्पाइक्स प्रत्येकाला हव्यातच, लेकीलाही. रबराचा पट्टा असतो, तो बुटावर ताणून बसवायचा, खाली साखळ्या आणि छोटे टोकदार खिळे. एस्टेस पार्क गावात भाड्याने मिळतात, आदल्या संध्याकाळीच आणा आणि हॉटेलच्या खोलीत खुर्चीवर बसवून एकेकाच्या बुटांवर चढवून बघा. आमच्याकडे सासूबाईंच्या टाचेवरून रबर सारखं निसटत होतं, मोठा साइज आला होता, रात्रीच कळलं म्हणून बदलून आणता आला. सकाळी गारठलेल्या बोटांनी ते रबर ओढणं म्हणजे फार त्रास आहे. लहान मुलांचा साइज मुद्दाम मागून घ्यावा लागतो.

चालताना टाच आधी न टेकवता पूर्ण पाऊल सपाट टाकायचं, म्हणजे सगळे खिळे एकदम रुततात. हे पार्किंगमध्येच पाच मिनिटं करून घ्या. काठ्या प्रत्येकी दोन, खाली रुंद चकती असलेल्या, नाहीतर काठीच आत जाते. उतरताना काठी थोडी लांब करा, गुडघ्यावरचा भार बराच कमी होतो. बूट वॉटरप्रूफ हवेत आणि गेटर्स (बुटाच्या तोंडावरून पोटरीपर्यंत चढवायची आवरणं) मिळाले तर घ्याच, बुटात वरून बर्फ शिरला की मोजा ओला आणि मग अर्ध्या तासात पाय बधिर.

आमच्या सासूबाई निम्फपर्यंत आल्या, अर्धाच मैल आहे तो. तिथे एका ओंडक्यावरचा बर्फ हाताने झाडून बसल्या आणि म्हणाल्या, मला पुढचं काही बघायचं नाहीये, हेच खूप आहे. मी आणि सासरे त्यांच्यासोबत थांबलो, बाकीचे पुढे जाऊन आले. तुम्हीही असे दोन गट होतील असं धरूनच निघा, पाणी-खाऊ दोन वेगळ्या पिशव्यांत घ्या, गाडीची किल्ली मागे थांबणाऱ्यांकडे द्या.

निखिल_१९

जीन्स नको!! सुती बनियनसुद्धा नको. कॉटन भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतं. आत सिंथेटिक किंवा लोकरीचं, मध्ये फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. चढताना घाम यायच्या आधीच एक थर काढायचा, थांबलात की लगेच घालायचा. हातमोज्यांचा एक जोड जास्तीचा ठेवा, मुलं बर्फात हात घालतातच.

डॉ_अनघा

उंचीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. दहा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही साधारण ३० टक्के कमी. डेन्व्हरला विमानातून उतरून दुसऱ्याच सकाळी बेअर लेक गाठू नका. डेन्व्हर ५,२८० फूट, एस्टेस पार्क साधारण ७,५०० फूट, तिथे किमान एक रात्र काढा आणि ट्रेल दुसऱ्या दिवशी ठेवा. पहिल्या दिवशी आई-बाबांना स्प्रेग लेकला न्या, ८,७०० फुटांच्या आसपास, तळ्याभोवती जवळजवळ सपाट वाट आहे.

बाबांनी बीपीची गोळी नेहमीच्या वेळी घ्यायची, पण प्रवासाआधी त्यांच्या डॉक्टरांना या उंचीबद्दल विचारून घ्या. पाणी थोडं थोडं पीत राहा, थंडीत तहान कळत नाही. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, चालताना झोक गेला तर वर जायचं नाही, लगेच खाली यायचं. आई-बाबांच्या पिढीला "मला काही होत नाहीये" म्हणायची सवय असते म्हणून तुम्हीच अधूनमधून विचारा, आणि बोलता बोलता दम लागतोय का तेही बघा.

ऊन फार मनावर घ्या. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, त्यामुळे खालूनही ऊन लागतं. नाकाच्या खाली, हनुवटीखाली, कानांमागे सनस्क्रीन. गॉगल सगळ्यांना, मुलीलाही. ढगाळ असलं तरी.

भटक्या_विमुक्त

मी जरा वेगळं सांगतो. आम्ही गेल्या वर्षी मेमध्येच साध्या स्पोर्ट्स शूजवर एमराल्डपर्यंत जाऊन आलो, काही झालं नाही. वाटेत बरीच माणसं असतात, एवढं घाबरवू नका हो त्यांना.

वाटसरू

घाबरवायचा हेतू नाही, त्यांनी जावं म्हणूनच एवढं लिहितोय. मेमध्ये दोन दिवसही सारखे नसतात. तुम्हाला मऊ बर्फाची दुपार मिळाली असेल किंवा आदल्या दिवशी ताजा पडला असेल, तेव्हा साधा बूटही धरतो. पण दुपारी वितळून रात्री गोठलेल्या वाटेवर अक्षरशः काच होते, निम्फच्या पुढे वाट तिरक्या उतारावरून जाते, तिथे घसरलं तर खाली झाडांशिवाय अडवणारं काही नाही. त्या जागी साध्या बुटांत अडकलेली माणसं मी पाहिलीत, पुढेही जाता येत नाही आणि मागे वळायचीही भीती. माणसं खूप असतात हे खरं आहे, पण त्यांच्या गर्दीनेच तो बर्फ आणखी गुळगुळीत होतो.

मैत्रेयी_क

सगळ्यांचे खूप खूप आभार, किती मनापासून लिहिलंय तुम्ही. वाचून प्लॅन बदलला, आधी एस्टेस पार्कला दोन रात्री आणि ट्रेल दुसऱ्या सकाळी. अजून एकच शंका आहे. फोटोंमध्ये पावलं सरळ तळ्यावरून गेलेली दिसतात, ड्रीम लेक तर लोक आरपार चालत ओलांडतायत. मेमध्ये ते चालतं का? आणि हिमस्खलनाचा धोका या वाटेवर असतो का?

वाटसरू

तळ्यावरून अजिबात नको. भर हिवाळ्यात लोक जातात, पण मेमध्ये बर्फ वरून पांढरा दिसला तरी आतून सडलेला असतो. ओढा जिथे तळ्यात शिरतो आणि जिथून बाहेर पडतो तिथे तो सगळ्यात पातळ. काठाशी उभं राहून नीट बघा, बर्फ आणि जमिनीच्या मध्ये काळ्या पाण्याची फट दिसते, बर्फाचा रंग राखाडी-निळसर झालेला असतो. आधीची पावलं आहेत म्हणून तुम्ही पाऊल टाकू नका, ती कधीची आहेत ते आपल्याला माहीत नसतं. काठाकाठाने जा, वेळ लागला तरी चालेल. वाट चुकायची शक्यता बर्फात जास्तच असते, उन्हाळी वाट खाली गाडलेली आणि पावलं चार दिशांना गेलेली, म्हणून नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. वर रेंजचा भरवसा नाही आणि थंडीत बॅटरी झटकन उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा.

हिमस्खलनाचं म्हणाल तर ते बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतं. निम्फ-ड्रीमपर्यंतची रुळलेली वाट त्यामानाने सौम्य आहे, पण एमराल्ड लेक हॅलेट पीक आणि फ्लॅटटॉप या डोंगरांच्या मधल्या घळीत बसलंय, दोन्ही बाजूंनी उभे उतार. तिथे पोचल्यावर पुढे, उतारांच्या पायथ्याशी जायचं नाही. लोक तिथे बसून घसरगुंडी करताना दिसतील, मुलगी हट्ट करेल, तरी नाही म्हणजे नाही. कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच इन्फर्मेशन सेंटरचा अंदाज त्या सकाळी वाचा, आणि ताजा जोरदार बर्फ पडला असेल किंवा रात्री गोठलंच नसेल तर ड्रीमच्या पुढे जाऊ नका.

एक आधीच सांगून ठेवतो, आई-बाबांनाही सांगा. एमराल्डचं ते हिरवं पाणी या दिवसांत दिसणार नाही, तळं बहुतेक पांढरंच असेल. त्या फोटोसाठी जीव टाकून वर जाऊ नका, ड्रीमच्या काठावरून समोर हॅलेट पीक दिसतो तेच मला या वाटेवरचं सगळ्यात सुंदर दृश्य वाटतं.

मैत्रेयी_क

परवा परतलो. ७:२० ला ट्रेलहेडवर होतो, रात्री कडक गोठलं होतं. आईने पार्किंगमध्ये स्पाइक्स घालून पहिली दहा पावलं माझा दंड घट्ट धरून टाकली, खिळे बर्फात शिरतानाचा तो करकर आवाज ऐकला आणि हात सोडून दिला. निम्फपर्यंत सगळे गेलो. पुढच्या तिरक्या वाटेवर बाबा म्हणाले दम लागतोय, डोकं वगैरे दुखत नव्हतं, पण डॉ. अनघांचं वाक्य आठवलं आणि नवरा त्यांना घेऊन सावकाश खाली गेला. मी ज्याची काळजी करत होते ती आई मात्र ड्रीमपर्यंत आली! दोन काठ्या, एकेक पाऊल सपाट, मध्येच थांबून झाडांच्या फांद्यांवरचा बर्फ बघत. काठाशी ती काळ्या पाण्याची फट आम्हालाही दिसली, हातभर रुंद, आणि पलीकडे तळ्यावर कुणाची तरी जुनी पावलं. लेकीला ती दाखवून नीट समजावलं.

ड्रीमला पोचलो तेव्हा ९:१० झाले होते, एमराल्ड जमलं असतं, पण आईला उतरायला वेळ लागणार होता म्हणून तिथूनच वळलो. येताना साडेदहाच्या सुमाराला उन्हाच्या पट्ट्यात बर्फ मऊ व्हायला लागलाच होता, एका घोळक्याला जागा देताना माझा पाय मांडीपर्यंत गेला. वाटसरू, वरंब्यावरच थांबायचं आणि समोरच्याला थांबायला सांगायचं, हे मला तेव्हा कळलं.

केतकी_स

आम्ही पुढच्या आठवड्यात जातोय, ५ वर्षांचा मुलगा बरोबर. निम्फ तरी होईल का?

मैत्रेयी_क

होईल, सकाळीच जा. त्याच्या मापाच्या स्पाइक्स मात्र आधी फोन करून राखून ठेवा, आम्ही विचारलं त्या दुकानात लहान साइजचे दोनच जोड होते. चढ सुरू होतो तिथे पहिल्या वळणापर्यंत बर्फ वितळून खडी उघडी पडलीय, तेवढं स्पाइक्सशिवाय जा आणि पुढे सावली लागली की घाला. आणि मोज्यांचा जास्तीचा जोड गाडीत न ठेवता बरोबर घ्या, आमच्या लेकीचे निम्फलाच बदलावे लागले.