मदत हवी आहे: ३ मिसकॅरेजनंतर मिडवाइफ की गायनॅक? (नेदरलंड्स)

मैत्रिणींनो, आम्ही आइंडहोव्हनला राहतो, माझं वय ३४. परवा टेस्ट पॉझिटिव्ह आली, आज ५ आठवडे ४ दिवस. नवरा आणि आई सोडून कुणाला सांगितलं नाहीये कारण याआधी तीनदा गेलंय. पहिलं सहाव्या आठवड्यात आपोआप, दुसऱ्या वेळी नवव्या आठवड्यात ठोकेच नव्हते म्हणून क्युरेटिंग, तिसरं गेल्या डिसेंबरात.

इथली पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इथे दिवस गेले की डॉक्टर नाही, मिडवाइफ गाठायची. चार वर्षं शिकलेली, स्वतःची प्रॅक्टिस असलेली बाई, चेकअपपासून डिलिव्हरीपर्यंत सगळं तीच बघते, गायनॅककडे मेडिकल कारण असेल तरच पाठवते. आणि माझ्याकडे कारण आहे की नाही तेच कळेना. दुसऱ्यानंतर हॉस्पिटलमध्ये तपासण्या झाल्या, थायरॉइड, गर्भपिशवीची थ्रीडी सोनोग्राफी, अँटीफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज (रक्तात गुठळ्या करून मिसकॅरेज घडवू शकतात त्या; पहिल्यांदा जरा जास्त आल्या म्हणून १२ आठवड्यांनी परत रक्त दिलं, तेव्हा निगेटिव्ह). सगळं नॉर्मल. खरं सांगू का, काहीतरी सापडलं असतं तर बरं असं वाटलेलं, निदान रोज पोटात हेपरिन (रक्त पातळ करणारं इंजेक्शन) टोचून घेतलं असतं.

काल घराजवळच्या प्रॅक्टिसला फोन केला. तिने विचारलं कितवी प्रेग्नन्सी, म्हटलं चौथी. मुलं किती? म्हटलं नाहीत. टायपिंगचा आवाज थांबला. मग म्हणाली, तुला आधी बोलायचंय का, फॉर्म नंतर भरू. वीस मिनिटं बोलली. हॉस्पिटलमधल्या डॉक्टर हुशार होत्या पण स्क्रीनकडे बघत दहा मिनिटांत मोकळ्या.

इकडे सांगलीहून आईचा धोशा. "सुईण? अगं माझ्या आजीच्या वेळी होती सुईण, तू युरोपात जाऊन सुईणीकडे जाणार?" तिचं म्हणणं इकडे ये, बेडरेस्ट घे, प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकावा म्हणून देतात ते हार्मोन) सुरू कर. भावजयीला सगळं दिलं होतं आणि तिचं राहिलं, त्यामुळे आईला पटवणं अवघड. मलाही पूर्ण पटलेलं नाही हेही आहेच.

तर विचारायचं असं की मी गायनॅकचाच आग्रह धरू का? हाउसआर्ट्सने (आपला फॅमिली डॉक्टर) रेफर केलं नाही तर काय? लवकर सोनोग्राफी कोण करून देतं? आणि घरी डिलिव्हरी नको असेल तर मिडवाइफ जबरदस्ती करते का?

प्रतिसाद:
अगं आधी अभिनंदन. मी अ‍ॅमस्टेल्व्हेनला, दोन गेल्यावर मुलगी झाली, आता तीन वर्षांची आहे. हे एकच निवड असं नसतं. ज्या हॉस्पिटलने तपासण्या केल्या तिथेच थेट फोन कर, फाइल आहे, सुरुवातीचे स्कॅन तिकडेच मागून घे. १२ आठवडे नीट गेले आणि बाकी काही नसेल तर मग मिडवाइफ. मी तसंच केलं. तिच्याकडे जबरदस्ती वगैरे काही नाही, हॉस्पिटलमध्ये तीच येते, फक्त मेडिकल कारण नसेल तर थोडे पैसे आपल्याला भरावे लागतात, इन्शुरन्सला विचारून ठेव. पहिलटकरणींना तर कळा सुरू झाल्यावरही बऱ्याचदा गायनॅककडे ट्रान्सफर करतात, मलाही केलं.

प्रोजेस्टेरॉनचं, आईंना सांग, कारण न सापडलेल्यांवर ब्रिटन आणि नेदरलंड्समध्ये मिळून ८३६ बायकांची ट्रायल झालेली, २०१५ मध्ये आली, फरक दिसला नाही. पण स्पॉटिंग झालं तर गोष्ट वेगळी, आधी मिसकॅरेज असेल आणि ब्लीडिंग असेल तर ब्रिटनमध्ये २०२१ पासून देतात, तेव्हा तसं काही दिसलं तर थांबू नकोस, त्याच दिवशी फोन करून विचार. बेडरेस्टने मिसकॅरेज थांबत नाही. मी ऑफिसला सायकलने जात होते, सासूबाईंना आजही माहीत नाही.

मूळ धागाकर्ती:
खूप थँक्यू गं. उद्या हॉस्पिटलला फोन करते, आणि त्या मिडवाइफलाही सांगते की नाव लिहून ठेव, थोड्या आठवड्यांनी येते. आईला ८३६ चं सांगून बघितलं. म्हणाली, त्यात आपल्याकडच्या किती होत्या?