पेन्सिलचं शिस आतल्या आतच तुटतं, काय करावं?

सानिकाची_आई
मुलगी सातवीत आहे, यंदा चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसतेय म्हणून ४बी पेन्सिलींचा अख्खा डबा आणला पण एकही पेन्सिल धड चालत नाही. टोक काढायला घेतलं की शिसाचा तुकडा गळून पडतो, परत काढलं की परत तेच, आठवड्याभरात पेन्सिल बोटाएवढी होते. शार्पनर बदलून झाला. तिची साधी एचबी त्याच दप्तरात मस्त टिकते. माल खराब आहे का? आणि सासूबाई म्हणतात शिसाने विषबाधा होते, हिला तर पेन्सिल चावायची सवय, खरंय का ते?

चित्रकला_सर
ताई, आधी काळजीचं. त्यात शिसं हा धातू नसतोच, ग्राफाइट आणि माती असते. चावायची सवय मात्र मोडा, वरचा रंग आणि लाकडाची कुसळं तोंडात जातात.
आता तुटण्याचं. ग्राफाइट जास्त नि माती कमी असली की पेन्सिल मऊ आणि काळी, उलट केलं की कडक आणि फिकट. दोन्ही कालवून भट्टीत भाजायची ही पद्धत फ्रान्सच्या कोंतेने १७९५ मध्ये पेटंट केली, तेव्हा इंग्लंडशी युद्ध चालू होतं आणि तिकडचं बॉरोडेलच्या खाणीतलं अस्सल ग्राफाइट मिळेना. आजही मूळ कृती तीच. ४बीत ग्राफाइट जास्त, त्यामुळे ती नाजूक असणारच. फरशीवर पडली की बाहेरून काही दिसत नाही पण आत शिसाचे तुकडे झालेले असतात, मग कितीही टोक काढा ते गळतच राहणार. मऊ पेन्सिली रुमालात गुंडाळून ठेवायला सांगा, कर्कटकासोबत कंपासपेटीत नको. आणि टोक ब्लेडने काढायला शिकवा, लांब निघतं, शेडिंगला आडवं धरता येतं.

स्टेशनरीवाला_दादर
सरांचं बरोबर, पण पेन्सिल मागून बघितली का? शिस बरोबर मधोमध पाहिजे. खाचा पाडलेल्या लाकडी पट्टीत शिसं ठेवतात, वरून तशीच दुसरी पट्टी गोंद लावून दाबतात आणि मग त्यातून एकेक पेन्सिल कापून काढतात. खाचा नीट जुळल्या नाहीत तर शिस एका कडेला सरकतं, शार्पनरमध्ये एका बाजूला लाकूड तसंच राहतं, सगळा ताण शिसावर येतो आणि ते मोडतं. अशी असली तर दुकानात परत द्या, आम्ही बदलून देतो.
लाकडाचाही फरक पडतो. नटराज, अप्सरा बनवणारी हिंदुस्तान पेन्सिल्स १९५८ पासूनची, त्यांच्याकडे पॉप्लरच्या पट्ट्या काश्मीरमधून येतात. पुलवामातल्या ऊखू गावात बऱ्याच जणांचं पोट याच कामावर आहे. सरळ रेषांचं मऊ लाकूड असलं की टोक गुळगुळीत निघतं.

रंधा_आणि_पटाशी
आमच्या सुतारकामाची पेन्सिल चपटी असते, फळीवरून घरंगळत नाही आणि शिस रुंद असल्याने खरबरीत लाकडावरही मोडत नाही. टोक आम्ही पटाशीनेच काढतो. पण सर, सातवीच्या पोरीच्या हातात ब्लेड नको हो, मोठं माणूस शेजारी असेल तरच. गळालेले तुकडे टाकू नका ताई, पूड करून कुलूपात सोडा, चावी लोण्यासारखी फिरते.

सानिकाची_आई
आत्ता सगळ्या बघितल्या, निम्म्यांचं शिस कडेला आहे! उद्याच दुकानात जाते. उरलेल्या पडल्या असतील, ती टेबलाच्या काठावर ठेवते. सर, भूमितीच्या पेपरला पण ४बीच का?

चित्रकला_सर
नको नको, कर्तव्य भूमितीला एच किंवा २एच अशी कडक पेन्सिल घ्या. ४बीची रेघ जाड येते आणि पट्टी सरकली की सगळा कागद काळा होतो. ४बी स्मरणचित्राच्या गडद सावल्यांना, वस्तुचित्राचं कच्चं रेखाटन एचबीने हलक्या हाताने, खोडरबर कमी लागतं. आणि ब्लेडचं त्या दादांचं म्हणणं पटलं, टोकं तुम्हीच काढून द्या, परीक्षेला प्रत्येकी दोन तरी तयार ठेवा.